डाळीच्या पुड्यावरची बाई

स्नेहल पळत आली तवा मी अंगणात शेंगा निवडायले व्हते. माझी लेक पळणाऱ्यातली न्हाई. कडगंचीच्या विद्यापीठात शिकून आलेली पोरगी, चालती सावकाश, बोलती सावकाश, आईला शहाणपण शिकवायचं तेबी सावकाशच. तिच्या एकाच पायात चप्पल बघितली अन् मी सूप खाली ठेवलं.

"आई, आत चल. आप्पा कुठं हायेत?"

"मागं म्हशीला पाणी पाजायलेत. कामून? काय झालं?"

तिनं मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला. त्यात मीच व्हते. डोक्यावर पदर, पाठीमागं कंपनीच्या गोदामाचं निळं दार, अन् तोंडावर ते मेलं हसू. फोटो काढताना गोदामातली मंजुश्री म्हणली व्हती, "मावशी, हसा की जरा, तुमचं तोंड आता हैदराबादेला अन् पुण्याला जाणार हाय." हसले मी. त्या हसऱ्या फोटोखाली कुणीतरी लाल अक्षरात लिहिलं व्हतं, 'हिनं डाळीत विष कालवलं. लेकरं मारणारी ही बाई ओळखून ठेवा.'

मला वाचता येतं. त्या दिवशी वाटलं, आलं नसतं तर बरं झालं असतं.

"कुणी लिवलं हे? कुणाची लेकरं? मी कुणाला मारलं, स्नेहल?"

"हळू बोल," ती म्हणली अन् माझ्या दंडाला धरून घरात घेऊन गेली.

पलीकडच्या गावात सकाळी बारसं व्हतं. जेवणं झाली अन् लेकरं उलट्या करायला लागली. काहींना बीदरला दवाखान्यात नेलं. स्वयंपाकघरात आमच्या कंपनीच्या तूरडाळीचा पुडा पडला व्हता. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, पुड्यावरच्या क्यूआर कोडावर मोबाईल धरला, अन् मोबाईलात उगवले मी. माझं नाव, इंदिराबाई भीमराज. माझं गाव. माझं रान कुठं हाय त्याचा नकाशा. ओ माय, घरापर्यंत वाट दाखवायली व्हती ती मेली!

आता माझं तोंड डाळीच्या पुड्यावर गेलं कसं, ते सांगितल्याशिवाय तुमाला पुढचं कळायचं न्हाई.

आमचं गाव औरादच्या पुढं, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. इथं शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढलीय. गावात गोदाम, डाळीची मिल मन्नाएखेळ्ळीला हायवेवर. मागं एकदा अफवा उठली की आमच्या डाळीला रंग लावतेत. व्हिडिओ कुठल्या तरी परमुलखातल्या कारखान्याचा, अन् नाव आमचं. उचलली जीभ लावली टाळ्याला! पण त्या व्हिडिओनं आमच्या डाळीला कुणी हात लावंना झालं. तवा कंपनीचे साहेब रविकुमार आले. निम्मं कन्नड, निम्मं मराठी बोलून त्यांनी समजावलं, की आता आपण ब्लॉकचेन करायची. म्हंजे साखळी. तूर कुणाच्या रानातली ही पहिली कडी, कवा मोजली ही दुसरी, कुठं भरडली, तपासणीत काय निघालं, अशा एकात एक कड्या. ही साखळी एका कंपुटरात नसती, लई ठिकाणी असती. म्हणून एकट्यादुकट्याला त्यात खाडाखोड करता येत न्हाई. "माझ्या बापालासुद्धा न्हाई," रविकुमार म्हणले. पुढं कुणी अफवा उठवली तर गिऱ्हाईकानं पुड्यावरचा कोड बघायचा अन् खरं काय ते स्वतःच्या डोळ्यानं वाचायचं. ह्या साखळीचं काम त्यांनी माझ्या स्नेहललाच दिलं; अंगठ्याचं एक मशीन गोदामात, एक तिच्यापाशी.

सगळ्यात मोठ्यानं व्हय म्हणले ते मीच. आमच्या घरानं खाडाखोड लई बघितलीय. माझ्या सासऱ्याचं नाव जमिनीच्या पहाणीच्या उताऱ्यावरनं एका रातीत कसं गेलं, ते आजवर कुणी सांगितलं न्हाई. खोडता येत न्हाई असं काहीतरी ह्या दुनियेत हाय, अन् त्यात माझं नाव असणार, ह्याचंच मला अप्रूप वाटलं व्हतं. फोटोत हसले ते त्यापायीच.

अन् त्या साखळीत पहिला घोळ घातला तोबी मीच. मी अन् सत्यभामाअक्कानं.

सत्यभामाबाई म्हंजे हरिबा पाटलाची घरवाली. त्यांच्या रानाला आमचं रान लागून हाय. मी तिला अक्का म्हणते, ती मला इंदिरे म्हणती. तिच्या पोटातलं मला ठाऊक, माझ्या पोटातलं तिला. त्यांच्या घरची एक रीत हाय. येळवशीच्या अमावास्येला रानात कडब्याची कोप, म्हंजे खोपट, करायची, त्यात पांडव म्हणून दगड मांडायचे, अंबील शिंपडायची. ती पूजा झाल्याबिगर नवं धान्य घराच्या नावानं बाहेर काढायचं न्हाई. एक दाणासुद्धा न्हाई. काढलं तर लक्ष्मी रुसती म्हणं. आमाला येळवशीला जेवायला बोलावतेत, भज्जी अन् अंबील पोटभर वाढतेत. कोपीत मात्र मी जात न्हाई, तेबी बोलावत न्हाईत.

ह्या खेपेला येळवशीच्या तोंडावरच आभाळ आलं. अक्काची बांधावरची तूर, जी बायकांच्या हक्काची असती, पोत्यात भरून पडलेली. ओल धरली की तुरीला कीड लागती. कंपनीची गाडी यायची ती येळवशीच्या आधी, मंग महिनाभर न्हाई. अक्का रडकुंडीला आली.

"इंदिरे, तुमाला रीतभात न्हाई. तुझ्या नावानं जाऊ दे की गं माझी पोती."

मला हसू आलं. "अक्का, तुमची लक्ष्मी पत्ता बघून रुसती का ओ?"

"गप गं! ह्यांना कळलं तर मला घरात घेणार न्हाईत."

आमची स्वतःची तूर आधीच्या गाडीनं गेली व्हती. अक्काची पोती संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन पडली, सकाळी मी गोदामात अंगठा दिला. मंजुश्रीनं मोजलं. माझ्या लेकीलासुद्धा सांगितलं न्हाई, कारण ती कायदा काढून बसली असती. शेजारणीची नड भागवली, त्यात काय एवढं? गावात अशी उसनवारी रोजचीच. आज तिचं पीठ, उद्या माझं मीठ. नाव उसनं दिलं की ते परत मागून घेता येत न्हाई, हे आमाला काय ठाऊक?

स्नेहलनं मोबाईलावर गाडीची तारीख दाखवली तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. बारशातली डाळ त्याच तुरीची व्हती. मी तिला सगळं सांगितलं. पोरगी मटकन खाली बसली.

"आई, तू साखळीत खोटं घातलंस?"

"खोटं काय त्यात? तूर खरी, वजन खरं."

"नाव खोटं की."

मला राग आला. भेवात माणसाला राग लवकर येतो. "मंग पुसून टाक की! तुझंच हाय ना ते मशीन?"

"पुसता येत नाही म्हणूनच तर आणलंय ते," ती ओरडली, अन् मंग डोळे पुसत म्हणली, "आई, डाळीत काहीच नाही. मिलमध्ये नमुना तपासलेला हाय, सगळं साफ निघालंय. तेबी ह्याच कोडात हाय. बोटानं जरा खाली सरकवलं की दिसतं. पण कुणी सरकवतच नाही. तुझा फोटो आला की बोट तिथंच थांबतं."

तिनं रविकुमारला फोन लावला. ते म्हणले, जुनी कडी काढता येत न्हाई, पण दुरुस्तीची नवी कडी जोडता येती. त्याला दोघींचा अंगठा लागतो, जिच्या नावानं गेली तिचा अन् जिची खरी तूर हाय तिचा. मंग पुडा कुठंबी असू दे, कोड बघणाऱ्याला आधी खऱ्या मालकिणीचा फोटो दिसणार. अन् लेकरांसाठी डाळीचा नमुना परत तपासायला पाठवलाय. "इंदिराबाई, बाहेर निघू नका," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. त्यांचा आवाजच सांगायला व्हता की तेबी घाबरलेत.

मी सत्यभामाअक्काला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. उचलला.

"अक्का, तुमच्या तुरीचा घोटाळा झालाय. माझा फोटो घेऊन लोक यायलेत. नुसता येऊन अंगठा द्या."

पलीकडनं श्वास ऐकायला येत व्हता. भांडं पडल्याचा आवाज आला. मंग ती कुजबुजली, "हे घरातच हायेत गं," अन् फोन ठेवला.

मला तिचा राग आला असं सांगितलं तर खोटं होईल. मला नुसतं भेव वाटलं. ज्या माणसाच्या भेवानं तिनं पोती लपवली, त्याच्याचपुढं जाऊन तिनं तोंड कसं उघडावं? तिच्या जागी मी असते तर मी तरी आले असते का, मला ठाऊक न्हाई.

तेवढ्यात गाड्यांचा आवाज आला.

नवऱ्याचं नाव घ्यायला मला लाज वाटत न्हाई. भीमराज म्हशीला सोडून पुढं आला, मोबाईल बघितला, काय झालंय ते ऐकून घेतलं, अन् ओट्यावर जाऊन बसला. मी म्हणले, आत या, दार लावू. तो म्हणला, "मी काय केलंय म्हणून दार लावू?" पोलिसांना स्नेहलनं फोन केला. गाडी पलीकडच्या गावात गेलीय, तिथनं वळवतो म्हणले. तिथनं वळून इथं येईपर्यंत काय काय होऊ शकतं, त्याचा हिशेब माझं काळीज करायला लागलं.

खिडकीच्या फटीतनं मी बघितलं. मोटारसायकली, एक टेम्पो, अन् मागं चालत येणारी माणसं. पुढं पप्पू. पलीकडच्या गावचा, औरादला मोबाईलचं दुकान हाय त्याचं. त्याची पुतणी दवाखान्यात व्हती. हातात काठी. त्याचं मला काई वाटलं न्हाई, लेकरू आजारी असलं की माणूस काठी उचलतो. पण त्याच्यामागं आमच्याच गावचा सिद्धराम दिसला. त्याच्या सुनेच्या बाळंतपणात मी रातभर तिच्या उशाला बसले व्हते. तो मोबाईल वर धरून आमच्या घराचं शूटिंग काढायला व्हता. मी खिडकीपासनं मागं सरले ते तवा.

"बाहेर काढ तुझ्या बायकोला," पप्पू भीमराजला म्हणला.

"लेकरं कशी हायेत?" भीमराजनं इचारलं.

"तू इचारतोस? तू?" पप्पूनं त्याची गचांडी धरली.

मागनं कुणीतरी ओरडलं, "ह्या वस्तीची डाळ घ्यायला सांगितली कुणी?" दुसरा म्हणला, "ह्यांचं हे असंच. पोटात एक, ओठात एक." एक दगड पत्र्यावर पडला अन् सगळं घर वाजलं. म्हैस दावं तोडायला लागली. स्नेहल माझा हात धरून "नको आई, नको आई" म्हणायली व्हती, पण भीमराजच्या सदऱ्याचा फाटल्याचा आवाज मला आतपर्यंत आला. मी दार उघडलं.

पप्पूनं एकदा मोबाईलात बघितलं, एकदा माझ्याकडं. परत मोबाईलात. परत माझ्याकडं. बाजारात बैल घेताना बघतेत तसं.

"हीच हाय."

"बाबा, माझं ऐक," मी म्हणले. "डाळीत काई न्हाई. त्याच कोडात खाली तपासणी..."

"हस की आता," पप्पू म्हणला. "फोटोत तर चांगली हसायलीस. हस."

माझ्या आयुष्यात मला लई जणांनी लई काय काय म्हणलंय. पण 'हस' ह्या शब्दाचं इतकं भेव मला कवाच वाटलं न्हाई. कुणीतरी माझ्या पदराला हात घातला. मी पदर दोन्ही हातानं धरला, अन् माझ्या जिभेच्या टोकावर नाव आलं. सत्यभामाबाई. एवढं एकच नाव बाहेर पडलं असतं की झालं. ही तूर माझी न्हाई, पाटलाच्या बाईची हाय.

न्हाई निघालं. मैत्री आडवी आली असं वाटून घेऊ नका, मी काई एवढी थोर न्हाई. मला कळत व्हतं की पुरावा न्हाई, साखळीत नाव माझं, अन् ती साखळी खोटं बोलत न्हाई असं मीच गावभर सांगत फिरले व्हते. वरनं पाटलाच्या घरावर आळ घेतला म्हणून दुसरी आग. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायली व्हती, अन् संन्याशाला चोराचं नाव घ्यायचीसुद्धा चोरी. मी पदर धरून नुसती हुबी ऱ्हायले.

"लेकरू मेलं तर घर ठेवणार न्हाई," पप्पू म्हणला, अन् टेम्पोतनं कुणीतरी डबा खाली उतरवला. रॉकेलचा का पेट्रोलचा, वासावरनं कळंना. माझ्या मागं दारात माझी लेक हुबी व्हती. मी दारात आडवी झाले.

"थांबा की रे!"

बाईचा आवाज. गर्दी मागनं फाटत आली. सत्यभामाअक्का. पायात चप्पल न्हाई, हाताला पीठ तसंच, अन् तिच्या मागं हरिबा. हरिबा पाटील चालत येताना कवा घाई करत न्हाईत. आजबी केली न्हाई. पण त्यांचं तोंड मी बघितलं, राखेवानी झालं व्हतं.

अक्का माझ्याजवळ आली अन् गर्दीकडं तोंड करून म्हणली, "तूर माझी हाय. माझ्या बांधावरची. येळवशीच्या आधी बाहेर काढायची न्हाई म्हणून मी इंदिराच्या नावानं घातली. तिनं नुसता अंगठा दिला. काय करायचं ते मला करा."

हरिबानं मान खाली घातली. "घरी बोलू," एवढंच म्हणले, अन् तिथंच हुबे ऱ्हायले.

"असं कसं?" पप्पू म्हणला. "मोबाईलात तर हिचं नाव हाय."

"बदलते की," स्नेहल दारातनं म्हणली. आवाज फाटलेला, पण मशीन हातात घट्ट धरलेलं. "म्हंजे बदलत नाही, जोडते. सगळ्यांच्या समोर."

आधी माझा अंगठा. घामानं घसरला, परत लावला. मंग अक्काचा. पिठामुळं मशीन घेईना. अक्कानं लुगड्याला बोट पुसलं, परत लावलं. स्नेहलनं तिचा फोटो काढला. अक्का हसली न्हाई. मशीन गोल गोल फिरत बसलं. मला वाटलं, आता हिच्या घरावर जातील. माझ्यापायी... न्हाई, तिच्या तुरीपायी, पण जातील. डबा घेऊन जातील. मी तिचा हात धरला. बर्फावानी गार पडला व्हता.

"झालं," स्नेहल म्हणली. "आता बघा पुडा."

पप्पूनं खिशातला रिकामा पुडा काढला. कोडावर मोबाईल धरला. आजूबाजूच्या दहा-पंधरा माना त्याच्यावर वाकल्या. मोबाईलात आता सत्यभामाअक्का व्हती. सत्यभामाबाई हरिबा पाटील. रान, बांध, नकाशा, सगळं तिचं.

पप्पूनं फोटोकडं बघितलं. मंग अक्काकडं. मंग हरिबाकडं. आता, आता काठी उठती, म्हणून मी डोळे मिटले.

"काकू," पप्पू म्हणला. "तुमी?"

मी डोळे उघडले. काठी खाली आली व्हती.

"आवं, मंग आधी न्हाई का सांगायचं," तो म्हणला. "तुमच्या घरची डाळ म्हंजे... मंग हे मधीच कुणीतरी काय तर केलं असंल. मिलमधी, न्हाई तर दुकानात."

"आधी दवाखान्याचा रिपोर्ट येऊ द्या की," मागनं एकजण म्हणला. मघाशी 'पोटात एक, ओठात एक' म्हणला तोच आवाज. "उगंच कुणावर आळ घेणं बरं न्हाई."

"खाली बग, खाली सरकव," तिसरा म्हणला. "तपासणी हाय म्हणं. हां, हे बग. साफ लिवलंय."

"तसं बासुंदीला सकाळीच आंबूस वास यायला व्हता," टेम्पोवाला म्हणला. "आचारी म्हणतच व्हता, वाढू नका म्हणून."

ऐकलंत? आचारी म्हणतच व्हता. सकाळीच!

पप्पू हरिबाच्या पाया पडला. "पाटील, डोकं ठिकाणावर नव्हतं. लेकरू दवाखान्यात हाय." हरिबानं त्याच्या पाठीवर हात ठेवला अन् लेकरू कसं हाय ते इचारलं. पप्पू म्हणला, सलाईन लावलंय, आता बोलायलंय, भूक लागली म्हणायलंय. डबा परत टेम्पोत गेला. सिद्धरामानं मोबाईल खिशात घातला अन् माझ्याकडं न बघता म्हणला, "वहिनी, गैरसमज झाला." कुणीतरी भीमराजला 'सदरा शिवून घे' म्हणून सांगितलं. गाड्या सुरू झाल्या. जाता जाता पप्पूनं हरिबाच्या दारात गाडी थांबवली, पाणी मागितलं, अन् अक्का पळत जाऊन तांब्या घेऊन आली. आमच्या ओट्यावरनं सगळं दिसायलं व्हतं.

पाणी देऊन अक्का परत आली, माझ्या गळ्यात पडून रडली. "वाचलो गं इंदिरे. खऱ्याला मरण न्हाई." ती लई धीराची बाई हाय, मी कवाच विसरणार न्हाई तिचे उपकार. नवऱ्याला अंगावर घेऊन ती आली, माझ्या घरासाठी आली. मी तिला घट्ट धरलं. पण मला रडू येईना. हरिबानं हाक मारली तशी ती डोळे पुसत गेली.

रविकुमारचा फोन आला. स्नेहलनं स्पीकरवर टाकला. "भारी झालं, स्नेहल! साखळीनं काम केलं बघ. अफवा बंद पडली. ग्रुपवर सगळे माफी मागायलेत." पोरगीच्या डोळ्यात पाणी आलं. फोन ठेवून ती मला म्हणली, "आई, बघितलंस? खरं दाखवलं की लोक ऐकतात."

"कसलं खरं, पोरी?"

"म्हंजे?"

"डाळ तीच. पुडा तोच. ती तपासणी सकाळीबी त्यात व्हतीच. बासुंदीचा वास सकाळीबी येतच व्हता. तू काय नवं जोडलंस?"

तिनं हातातल्या मशीनकडं बघितलं, अक्काच्या फोटोकडं, अन् मशीन हळूच पालथं घातलं. शिकलेली हाय माझी लेक, तिला जास्त सांगावं लागत न्हाई. मला वाटलं, हे तिला आज कळलं नसतं तर बरं झालं असतं. तिच्या वयात मला कळलं व्हतं, तवापासून मी नीट झोपले न्हाई.

ऊन अजून ओट्यावरच व्हतं. दिस मावळायला अवकाश व्हता. म्हैस गप झाली व्हती. मी उठले, दार लावलं, आतनं अडसर घातला, अन् दाराला पाठ लावून खाली बसले. फाटका सदरा अंगावर तसाच ठेवून भीमराज माझ्याकडं बघत ऱ्हायला.

"आता कामून दार लावायलीस?" तो म्हणला. "गेले की सगळे."

"गेले म्हणूनच तर कळालं," मी म्हणले, "कशापायी आले व्हते ते."